किल्ल्या देणारा परीक्षक

वाहन परवान्याच्या कचेरीत एकतीस वर्षं परीक्षक म्हणून काढलेल्या त्या माणसाला सगळं शहर नापासकाका म्हणे. पाठीमागे म्हणे आणि तोंडावरही म्हणे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट कोणी नुसतं 'काका' म्हटलं, तर याने कधी परीक्षाच दिली नाही की काय, अशी त्यांना शंका येई.

नापास करताना त्यांनी आपला-परका कधी पाहिला नाही. सख्ख्या मेहुण्याला दोनदा घरी पाठवलं. होणाऱ्या जावयाला लग्नाला दहा दिवस राहिले असताना, आरशात न बघता गाडी वळवली म्हणून नापास केलं. मुलीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, बायकोने भांडी आपटली, पण कागदावरचा शेरा तसाच राहिला. जावयाला पुढे दुसऱ्या परीक्षकाने पास केलं. मात्र सासरेबुवा गाडीत असले की तो आजही किल्ली बायकोच्या हातात देतो आणि मागे जाऊन बसतो.

काकांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं होती. गाडी चालवता येत नाही हे ज्यांना ठाऊक आहे ती, आणि ज्यांना ठाऊक नाही ती. पहिल्या प्रकाराबद्दल त्यांना थोडी कणव होती. दुसऱ्या प्रकारात बाकी सगळे येत.

निवृत्त झाल्यावर सहा महिने ते घराच्या खिडकीत बसून होते. समोरच्या रस्त्यावर लोक गाड्या लावत, काढत, मागे घेत, आणि काका वरून शेरे मारत. "हा बघ, हा. म्हैस बांधतात तशी गाडी लावली." शेवटी बायकोनेच हात जोडले. "अहो, कुठेतरी नोकरी बघा. त्या खालच्या लोकांचं जाऊ द्या, माझे कान किटले."

नोकरी मिळाली ती विमानतळाजवळच्या एका भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीत. परदेशातून आलेले पाहुणे काचेच्या काउंटरवर कागद भरत आणि मागच्या यार्डात येत. तिथे काका त्यांना गाडीभोवती फिरवत, कुठे ओरखडा आहे, कुठे पोचा आहे ते दाखवत, सही घेत आणि किल्ली हातावर ठेवत. काम एवढंच. ज्या माणसाने जन्मभर 'नाही' म्हटलं, त्याला आता दिवसातून वीस वेळा 'घ्या' म्हणायचं होतं.

आणि घेणारे कोण, तर ज्यांना काकांनी कचेरीच्या पायरीवरूनच परत पाठवलं असतं. चौदा चौदा तास विमानात आखडून आलेले, डोळे लाल, केस उभे. गाडीचा दिवा कुठून लागतो हे न विचारता गाणी कुठून लागतात हे आधी विचारणारे. त्यांच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत, इथे डाव्या. हे सगळ्यांना माहीत असे. "हो हो, डावीकडून, माहिती आहे," असं म्हणत म्हणत ते डावं दार उघडत, आत बसत, आणि समोर स्टिअरिंगच नाही हे पाहून समोरचा कप्पा उघडून काहीतरी शोधल्याचं नाटक करत. हे नाटक काकांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की कप्प्याला हात लागायच्या आतच ते म्हणत, "चाक पलीकडे आहे."

गाड्या देणाऱ्यांविषयीही त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. मॅनेजर मॅडम तिशीतल्या, चटपटीत. भिंतीवर त्यांनी एक फलक लावला होता: 'हसतमुख सेवा, आठ मिनिटांत गाडी हातात'. त्या फलकाखाली उभं राहून काका कधी हसले नाहीत. "हॉटेलातसुद्धा जेवण यायला याहून वेळ लागतो," ते म्हणत, "आणि जेवणाने फक्त खाणारा मरतो."

मॅडम आपल्या केबिनमध्ये असल्या की काका एक बेकायदा उद्योग करत. यार्डाच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी जुने टायर पांढरे रंगवून मांडले होते. पाहुण्याला गाडीत बसवायचं, शेजारी आपण बसायचं आणि त्या टायरांमधून एक फेरी मारायला लावायची. सात मिनिटं. त्या सात मिनिटांत ते एकच गोष्ट घोकून घेत. "तुम्ही बसलात ती बाजू रस्त्याच्या मधल्या रेषेकडे राहिली पाहिजे. आपण कडेला बसलोय असं वाटलं, की समजा चुकलात. वळताना हे मोठ्याने म्हणा. लाजू नका, गाडीत तुमची बायकोच आहे." वळायचं सांगितलं की पाहुणा इंडिकेटरऐवजी वायपर सुरू करी, कारण त्याच्याकडच्या गाड्यांत दोन्ही दांड्या उलट्या बाजूंना असत. कोरड्या ठणठणीत उन्हात काचेवर वायपर खरखरत, आणि काका खिडकीबाहेर बघत, जणू या माणसाशी आपला काही संबंध नाही.

अशाच एका सकाळी, नऊच्या सुमाराला, एक कुटुंब यार्डात आलं. नवरा उंचापुरा, डोक्यावर गॉगल चढवलेला, हातात कागदांची गुंडाळी. मागे बायको, एका हाताने सामानाची गाडी ढकलणारी, दुसऱ्या हाताने धाकट्या मुलीला धरलेली. तिच्यामागे सातआठ वर्षांचा मुलगा बॅग फरफटत आणत होता. नवऱ्याने सामानाला हात लावला नव्हता. काकांनी मनातल्या मनात त्याला तिथेच अर्धं नापास केलं.

काका आणि पाहुणे तिसऱ्याच एका भाषेत बोलत, दोन्ही बाजूंनी मोडकंतोडकं. पण गॉगलवाल्याला शब्दांची वानवा नव्हती. काका पुढच्या बंपरवरचा ओरखडा दाखवत होते आणि तो घाईघाईने मान हलवत होता.

"हे सगळं मला माहिती आहे. मी वीस वर्षं गाडी चालवतोय. अपघात शून्य."

"इथे किती वर्षं?"

"इथे आजच आलो."

"मग इथली वर्षंही शून्यच," काका म्हणाले.

गॉगलवाल्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. एक मोठी जांभई दिली, इतकी मोठी की डोक्यावरचा गॉगल खाली घसरून नाकावर आला. काकांनी विचारलं, "विमानात झोप झाली?"

"कुठली झोप! चार सिनेमे पाहिले."

मग तो डाव्या दाराकडे गेला, आत बसला, समोरचा कप्पा उघडला. काकांनी या वेळी त्याला शोधू दिलं. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट केली. तो उतरून पलीकडे आला तसं त्यांनी सांगितलं, "एक फेरी मारू. मागे जागा आहे. सात मिनिटं."

"कशाला?"

"इथे सगळ्यांनाच मारायला लावतो."

हे पूर्ण खरं नव्हतं, कारण फेरी मॅडमच्या नकळतच होई, आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे काकांचा चेहरा पडला. गॉगलवाल्याने ते बरोबर हेरलं. तो तडक काउंटरवर गेला. तिथे काय बोलणं झालं ते काचेआडून ऐकू आलं नाही, पण हातवारे दिसले, आणि मॅडम बाहेर आल्या त्या कपाळावर आठी आणि ओठांवर हसू अशा एकाच वेळी घेऊन आल्या.

"काका, किल्ली द्या."

"मॅडम, हा माणूस उभ्याउभ्या झोपतोय."

"त्यांचा परवाना चोख आहे. आंतरराष्ट्रीय परवाना आहे. विमा आहे. आपण शाळा चालवत नाही."

"शाळा चालवत असतो तर याला पहिलीत बसवलं असतं."

"काका!" मॅडमनी आवाज खाली आणला. "ते तक्रार लिहिणार आहेत. तुमच्या नावाने. द्या ती किल्ली."

काकांनी किल्ली दिली. पण एक अट घातली, म्हणजे अट म्हणून नाही, सेवा म्हणून. पुढच्या चौकातल्या पेट्रोल पंपापर्यंत आपण सोबत येतो, रस्ता दाखवतो, आणि चालत परत येतो. मॅडमना त्यात वावगं दिसलं नाही. गॉगलवाल्याने खांदे उडवले. काका डाव्या दाराने पुढे बसले, त्यामुळे बायकोला मागे दोन मुलांच्या मध्ये अंग चोरून बसावं लागलं. काकांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या लेखी ती सामानातच जमा होती.

यार्डाच्या फाटकातून बाहेर पडलं की एक लहानसा रस्ता लागतो आणि पन्नास पावलांवर तो मोठ्या रस्त्याला मिळतो. मोठ्या रस्त्याच्या मधोमध दुभाजक आहे. उजवीकडे जायचं असेल तर आधी समोरचा अर्धा रस्ता ओलांडायचा, दुभाजकातल्या फटीतून पलीकडे जायचं आणि मग वळायचं. हे, आणि आपली बाजू मधल्या रेषेकडे ठेवायची हेही, काकांनी त्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तो म्हणाला, "मला पहिल्यांदाच समजलं."

वळताना त्याने वायपर सुरू केला. काकांनी आपली मान खिडकीकडे वळवली. आयुष्यभराची सवय ती. माणूस चुकला की त्याच्याकडे पाहायचं नाही, थोडा वेळ त्याला त्याच्या चुकीसोबत एकटं सोडायचं, मग शेरा लिहायचा. त्या एका क्षणात गाडी उजवीकडे वळली. फटीपर्यंत गेलीच नाही. अलीकडेच वळली आणि समोरून येणाऱ्या वाहनांच्या रस्त्यात, उजव्या कडेला चिकटून, आपल्या घरच्या रस्त्यावर असल्यासारखी निवांत चालू लागली.

काकांनी मान वळवली तेव्हा समोर बस होती.

त्यांनी ब्रेक दाबला. उजवा पाय उचलून सगळा भार देऊन असा दाबला की गुडघ्यातून कळ थेट कमरेपर्यंत गेली. परीक्षेच्या गाडीत परीक्षकाच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. एकतीस वर्षांत त्या ब्रेकने काकांनी किती जीव वाचवले, त्याची गणती नाही. या गाडीत तो नव्हता. पायाखाली रबरी पायपुसणं होतं. काकांनी ते दाबलं. पुन्हा दाबलं.

गॉगलवाल्याचे दोन्ही हात चाकावर गोठले होते. बसचा भोंगा वाजत होता.

मागून एक हात आला. दोन सीटांच्या मधून, काकांच्या कोपराला घासून, आणि त्या हाताने हँडब्रेक असा करकचून खेचला की गाडी किंचाळली, मागून तिरकी झाली आणि पुढचं चाक उजव्या फुटपाथच्या काठावर चढून थांबली. बसही थांबली. दोघांच्या मध्ये एखादी खाट मावेल इतकंच अंतर उरलं होतं.

वायपर चालूच होते. मागे धाकटी रडायला लागली. बायकोने हँडब्रेक सोडला नव्हता. ती तशीच पुढे वाकून नवऱ्याला आपल्या भाषेत दोन शब्द म्हणाली. काकांना ते कळले नाहीत, पण असे दोन शब्द कुठल्याही भाषेत ऐकले तरी कळतात.

बसचा ड्रायव्हर उतरून आला. गाडीच्या काचेत वाकून पाहिलं आणि तोंड उघडलं, ते तसंच राहिलं.

"नापासकाका?"

काकांनीही त्याला ओळखलं. चढावर गाडी मागे घसरली म्हणून तीन वेळा नापास केलेला माणूस. चौथ्या वेळी पास केला, तेही लिहिलं होतं, 'काठावर'.

"तुम्ही आत असताना?" ड्रायव्हर म्हणाला. चाळीस माणसांची बस त्याने तसूभरही वाकडी न होऊ देता थांबवली होती. "काका, तुम्ही आत बसलेले असताना?"

काकांना जन्मभर लोकांची भंबेरी पाहायची सवय होती. आपली भंबेरी कशी दिसते ते त्यांनी पहिल्यांदाच, बसच्या काचेत, पाहिलं. एक म्हातारा, दोन्ही हात डॅशबोर्डवर, पाय पायपुसण्यावर रोवलेला.

गाडी यार्डात परत त्यांनीच आणली. पुढचा टायर फुटला होता, बंपर फाटला होता. गॉगलवाला त्यांच्या शेजारी बसला होता, गॉगल आता खिशात. फाटकातून आत शिरताना तो पुटपुटला, "तुम्ही बडबड करत होता, म्हणून माझं लक्ष गेलं." काकांना त्याची इतकी किळस आली की राग यायलाही जागा उरली नाही.

मॅडम पळत बाहेर आल्या. कुणाला लागलंय का, मुलं ठीक आहेत का, पाणी हवंय का. मग बाजूला घेऊन काकांना म्हणाल्या, "आता दुसरी गाडी मागतायत. देऊ?"

"कुणाला देता?"

"म्हणजे?"

तेवढ्यात बायको समोर आली. मुलगी कडेवर, मुलगा पदर धरावा तसा तिचा स्वेटर धरून. तिने पर्स उघडली आणि काकांच्या हातात एक छोटी पुस्तिका दिली. आंतरराष्ट्रीय परवाना. तिच्या नावाचा. मोठ्या वाहनांचा शिक्का मारलेला.

काका पुस्तिका उलटीसुलटी करून पाहत राहिले. "तुम्ही काय चालवता?"

"शाळेची बस. अकरा वर्षं."

"किती मुलं?"

"सेहेचाळीस. हे दोघे धरून अठ्ठेचाळीस." मग नवऱ्याकडे मान करून म्हणाली, "हे धरून एकोणपन्नास."

"मग फॉर्मवर तुमचं नाव का नाही?"

"नाव दोन जणांचं लिहिता येतं हे कुणी सांगितलं नाही. आणि कोण चालवणार, हे कुणी विचारलं नाही." ती काकांकडे सरळ बघत होती. "तुम्हीही नाही."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, हे काकांना जास्त लागलं. एकतीस वर्षं त्यांनी माणूस गाडीकडे कसा चालत येतो त्यावरून ओळखलं होतं की हा कसा चालवणार. ही बाई सामान ढकलत, एक पोर ओढत, एक पोर सांभाळत, यार्डातल्या तीन मागे येणाऱ्या गाड्या चुकवत आली होती. ते सगळं काकांच्या डोळ्यांसमोर झालं होतं. त्यांनी पाहिला होता फक्त तो गॉगल. म्हणजे काकांचा तिरस्कारसुद्धा आंधळा निघाला. नको त्याच्याकडे टक लावून बसला आणि हवं ते त्याला दिसलंच नाही.

"झोप झाली?" त्यांनी विचारलं.

"सहा तास. मुलांबरोबर झोपले."

मॅडम बघत होत्या, त्यांच्या देखतच काकांनी तिला पांढऱ्या टायरांकडे नेलं. मॅडमनी अडवलं नाही. पहिल्या वळणाला बाईनेही वायपर सुरू केला. दुसऱ्या वळणाला हात वायपरकडे गेला आणि परत आला. तिसऱ्या वळणापासून चुकली नाही. प्रत्येक वळणाला ती स्वतःच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती आणि उजवा हात खिडकीवर आपटत होती. काकांनी विचारलं, हे काय?

"मधली रेषा माझ्या खांद्याकडे. तुम्ही मघाशी यांना सांगत होता ना. हे ऐकत नव्हते. मी ऐकत होते."

काकांनी तिला सात मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं फिरवलं. चढ नव्हता म्हणून गाड्या धुण्याच्या रॅम्पवर चढवलं. सर्कल नव्हतं म्हणून मधोमध एक ड्रम आणून ठेवला. शेवटी म्हणाले, "आज तुम्हाला काही होणार नाही. आज तुम्ही घाबरलेल्या आहात. उद्या सकाळी होईल. रस्ता रिकामा असेल, पेट्रोल भरून पंपावरून बाहेर पडाल, समोर एक गाडी नसेल, आणि हात आपोआप जुन्या बाजूला वळेल. पंपावरून निघताना मुलाला विचारायचं, कुठली बाजू? त्याने सांगितल्याशिवाय चाक हलवायचं नाही."

मुलाने मागून लगेच सांगितलं, "डावी."

बापाने तोंड फिरवलं. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

ती मंडळी निघून गेल्यावर अपघाताचा अहवाल लिहायचा होता. छापील फॉर्म होता. त्यात 'घटनेचं कारण' अशा मथळ्याखाली दोन ओळींची जागा होती. काकांनी पेन उघडलं. मग बारीक अक्षरात लिहिलं: 'किल्ली मागणाऱ्याला झोप आली होती, हे दिसत असूनही किल्ली दिली. गाडी चालवू शकणारी व्यक्ती मागे बसली होती, तिला विचारलं नाही. सोबत बसलेल्या कर्मचाऱ्याने ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबला.'

मॅडमनी वाचलं आणि फॉर्म परत केला. "असं नसतं लिहायचं, काका. 'चालकाची चूक' लिहा. मुख्य कचेरीत या कर्मचाऱ्यांच्या तीन चुका धरतील."

"तीनच आहेत. एक तुमची, दोन माझ्या."

"मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय."

"चालकाची चूक होती, ते काय लिहायचं? तो चुकणारच होता. दगड खाली पडला तर कारण म्हणून दगड लिहितात का?"

फॉर्म तसाच गेला. चार दिवसांनी वरून पत्र आलं. काकांना गाड्या देण्याच्या कामावरून काढून धुण्याच्या विभागात टाकलं. पाण्याचा पाइप, फेस आणि फडकं.

त्या रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी घरी चकार शब्द काढला नव्हता. मग सगळं सांगितलं. बस, पायपुसणं, फॉर्म, पाइप. बायको ऐकत होती. पायपुसण्याशी आलं तेव्हा तिला हसू आवरेना.

"हसतेस काय? मेलो असतो."

"अहो, तुम्ही नेहमीच दाबता. जावयाच्या गाडीत दाबता, रिक्षात दाबता. परवा विमानाचं काहीतरी टीव्हीवर दाखवत होते, तेव्हाही दाबलात. मला वाटायचं, तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की तिथे काही नसतं."

काकांना जुनी गोष्ट आठवली. लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी बायकोला त्यांनी गाडी शिकवायला नेलं होतं. तिसऱ्या गिअरला ती रडली, आणि त्यांनी गाडी थांबवून तोंड खिडकीकडे फिरवलं. ती परत कधी बसली नाही. आजवर त्यांनी तो तिचा नालायकपणा धरला होता. त्यांनी आता विचारलं, "तुला शिकायचंय अजून?"

"तुमच्याकडून?" बायको उठली आणि भात आणायला गेली. आतून आवाज आला. "नको. जिवाला घोर."

धुण्याच्या विभागात काकांनी दोन महिने काढले. त्यांच्या जागी आलेला पोरगेला इसम हसतमुख होता. पाच मिनिटांत गाडी देत असे आणि वर 'प्रवास मजेत होवो' म्हणत असे. काका पाइप हातात धरून परत आलेल्या गाड्या धूत, आणि धुताना त्यांना सगळी हकिगत वाचता येई. डाव्या बाजूचे आरसे तुटलेले, कारण नव्या माणसाला डावीकडे किती जागा आहे ते कळत नाही. डाव्या चाकांच्या कडा फुटपाथला घासून सोललेल्या. एका गाडीची अख्खी डावी बाजू दाराच्या हँडलसकट खरवडलेली. काका मॅडमना हाक मारत नसत. नुसतं बोटाने दाखवत आणि पाणी सोडत.

नऊ दिवसांनी त्या कुटुंबाची गाडी परत आली होती. बाई चालवत होती, नवरा शेजारी नकाशा मांडीवर घेऊन बसला होता. काकांनी ती गाडी धुतली. चार बाजूंनी पाहिली. चिखल होता, आत बिस्किटांचा चुरा होता, मागच्या सीटवर कुणीतरी ओकलं होतं. ओरखडा एकच सापडला, तोही आधीपासूनचा. ते बाईला तसं सांगायला गेले तोवर ती मंडळी विमानतळाच्या बसमध्ये चढली होती आणि बस सुटत होती. नवरा मात्र बसच्या दारात अजून ड्रायव्हरशी हुज्जत घालताना दिसला. सामान कुठे ठेवायचं यावरून.

तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला मॅडम स्वतः रॅम्पजवळ आल्या. पायातले बूट भिजू नयेत म्हणून लांबच उभ्या राहिल्या.

"काका, सोमवारपासून यार्डात या परत."

"पोरगा?"

"तो काउंटरवर. तिथे हसायचंच काम आहे." त्या जराशा घुटमळल्या. "ती फेरी घ्या. पण पाच मिनिटं."

"सात."

"सहा."

"मॅडम, हा भाजीबाजार नाही."

मॅडमनी सुस्कारा टाकला. "सात. आणि फॉर्मवर आता एक ओळ वाढवलीय. 'गाडी चालवू शकणाऱ्या सर्वांची नावं.' वरच्यांना ती माझी कल्पना वाटतेय. तशीच वाटू दे."

"वाटू दे," काका म्हणाले. वरच्यांविषयी त्यांचं मत त्याने एवढंसंही सुधारलं नाही.

सोमवारी सकाळी पहिले आले ते एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची थोरली बहीण. प्राध्यापकांच्या हातात सहीचा कागद होता आणि डोळे मिटत होते. ते स्वतःविषयी बोलू लागले, कुठल्या कुठल्या देशांत गाडी चालवली त्याची यादी. काकांनी यादी पूर्ण होऊ दिली नाही. त्यांनी आधी बहिणीला विचारलं, "तुम्ही चालवता?"

"मी? छे! मी आयुष्यात चाकाला हात लावला नाही. मला भीती वाटते."

"फार चांगलं," काका म्हणाले, आणि हे ते मनापासून म्हणाले. मग प्राध्यापकांकडे वळले. "काल रात्री कुठे झोपलात?"

"खुर्चीत. विमानात. का?"

काकांनी शेडमधून दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, सावलीत मांडल्या, एकीवर आपल्या बायकोने दिलेली उशी ठेवली.

"बसा. दोन तासांनी उठवतो."

"पण माझं आरक्षण नऊचं आहे! हा काय प्रकार आहे? मी तुमच्या वरिष्ठांशी बोलेन!"

"बोला. त्या काचेमागे आहेत. हसतमुख आहेत."

प्राध्यापक ताठ उभे राहिले. बहीण मात्र केव्हाच बसली होती आणि तिने बूट काढले होते. थोड्या वेळाने प्राध्यापकही बसले, केवळ निषेध नोंदवायला म्हणून, आणि निषेधाचं पुढचं वाक्य अर्ध्यावर असतानाच घोरू लागले. काका किल्ली खिशात घालून त्यांच्यासमोर उभे होते. या माणसाला जागं झाल्यावरही गाडी धड चालवता येणार नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या दिवशी यार्डातून पहिली गाडी बाहेर पडायला साडेअकरा वाजले, आणि मॅडम काचेआडून घड्याळाकडे बघत राहिल्या.